कूलर बंद करा, मग सांगा आवाज कसा होता

ॲनिमेशनमधला सुपरहिरो पाहून झाला की त्याच्या आवाजाबद्दल, मूळ असो की डबिंगचा, मतं फटाफट पडतात. हिंदीतला आवाज भारी, मराठीतला जमला नाही, इंग्रजीतला कळला नाही पण दमदार होता. यातली बरीचशी मतं कलाकाराच्या आवाजाबद्दल नसतातच. ती टिनाच्या छपराबद्दल असतात, अर्धवट खोचलेल्या पिनीबद्दल, ब्लूटूथबद्दल, भाषांतराबद्दल, नाहीतर पहिल्यांदा हिंदीत पाहिल्यामुळे कानाला लागलेल्या सवयीबद्दल. शिव्या मात्र खातो तो माइकसमोर उभा राहिलेला माणूस.

म्हणून क्रम असा धरा: आधी खोली, मग वायर, मग ओठ, मग वाक्यं. हे सगळं चाळून झाल्यावर चाळणीत जे उरेल त्याला अभिनय म्हणा.

खोली

विदर्भात मार्च संपता संपता कूलर लागतो आणि मृग बरसेपर्यंत बंद होत नाही. डबिंगचा पहिला शत्रू तोच. कूलरच्या पंख्याची घरघर जाड आवाजाची वाटते, पण तिच्यात बारीक सूंसूंही भरपूर असते, आणि ती नेमकी स, श, त, थ, च, क ही अक्षरं गिळते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं जातात. मग वाटतं, हिरो पुटपुटतोय. कोणीतरी उठून आवाज वाढवतं, टीव्हीचा बारकासा स्पीकर फाटतो, आणि पुढचं मत तयार होतं: खलनायकाचा आवाज कर्कश आहे.

पंप बंद करून फारसं साधत नाही, कारण घरघर पंख्याची असते. खोली आधी वीस मिनिटं थंड करून घ्या आणि ज्या तुकड्यावर मत द्यायचं तेवढा वेळ कूलर पूर्ण बंद ठेवा. नव्वद सेकंदांचा तुकडा असतो. मे महिन्यातही तेवढ्यानं कोणाचं काही बिघडत नाही. मोजायचं असेल तर आवाजाची पातळी दाखवणारं फुकट ॲप फोनवर घ्या, फोन बसायच्या जागी ठेवा, आधी सिनेमा थांबवून नुसत्या खोलीचा आकडा पाहा, मग संवाद चालू असतानाचा. दोन्हींत निदान १५ डेसिबलचा फरक हवा. फोनचा आकडा तंतोतंत बरोबर नसतो, पण फरक कामापुरता बरोबर निघतो.

टिनाच्या घरात एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टण्ण' असं शेपूट आलं तर खोली घुमते. वर टिन, बाजूला सिमेंटच्या भिंती, खाली फरशी असेल तर ते शेपूट येणारच. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे तुमच्या पाठीमागे, दोन-तीन जाड गोधड्या टांगा. भिंतीला चिकटवू नका. चार-पाच सेंटिमीटर जागा सोडली तर त्याच गोधड्या जास्त काम करतात. खाली सतरंजी. ताडपत्री लावून उपयोग नाही, प्लास्टिकवरून आवाज परत येतो. माणसं स्वतःही आवाज पितात, त्यामुळे रिकाम्या खोलीत घुमणारा सिनेमा दहा जण बसल्यावर बराच सुधारतो. तपासणी माणसं बसल्यावरच करा.

दिवाळीनंतर ज्या घरात वेचणीचा कापूस खोलीत साठवलेला असतो, तिथे शहरातल्या स्टुडिओला हेवा वाटावा अशी शांतता मिळते. पण तिथे विजेचा बोर्ड, इन्व्हर्टर, अगरबत्ती, बिडी काही नेऊ नका. मोकळ्या कापसाला ठिणगी पुरते. फोन बॅटरीवर चालवा, गंजीवर बसू नका (अंगाला खाज सुटते ती दोन दिवस जात नाही), आणि साध्या वायरच्या इअरफोननं ऐका.

पाऊस टिनावर पडत असेल त्या दिवशी मत देऊच नका.

वायर, ब्लूटूथ आणि हरवलेला संवाद

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथूनच निघतात.

सिनेमाचा आवाज बहुधा ५.१ असतो: समोर तीन वाहिन्या, मागे दोन, आणि एक ढोलासारख्या खालच्या आवाजाची. यांतला संवाद जवळजवळ सगळा समोरच्या मधल्या वाहिनीत असतो. संगीत आणि आदळआपट डाव्या-उजव्या बाजूला पसरलेली असते. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील तर मधली वाहिनी त्या दोघांत सारखी वाटली गेली पाहिजे. ती वाटली गेली नाही की स्फोट कान फाडतो आणि संवाद विहिरीतून आल्यासारखा येतो. उपाय सोपा आहे. ॲपमध्ये भाषेच्या यादीत 'मराठी' आणि 'मराठी ५.१' अशा दोन नोंदी दिसल्या तर साधी घ्या. टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये 'पीसीएम' किंवा 'स्टीरिओ' निवडा.

दुसरा दोष गमतीशीर आहे. साडेतीन मिलिमीटरची पिन अर्धवट खोचली गेली किंवा तिची अर्थिंगची तार सुटली, तर दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते एकमेकांना खोडून काढतं. दोन्ही बाजूंना सारखा असतो तो संवाद. संगीत वाजतं, गाड्या आदळतात, माणसं ओठ हलवतात आणि आवाज गायब, किंवा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. ऐकणारा म्हणतो, डबिंगवाल्यांनी आवाज फार मागे ठेवला. पिन 'टक' होईपर्यंत आत दाबा. बरेचदा तेवढ्यानंच आवाज परत येतो. उघड्या तारांचे दोन स्पीकर असतील तर दोन्हीकडे लाल तार लालवर आणि काळी काळीवर आहे का तेही पाहा. एकाची उलटी लागली की मधला आवाज असाच पातळ होतो. दोन्ही स्पीकर समोरासमोर तोंड करून जवळ आणा. तसं केल्यावर खालचा आवाज वाढायच्या ऐवजी कमी झाला, तर तारा उलट्या आहेत.

इन्व्हर्टरवर सिनेमा चालू असेल आणि बारीक गुणगुण येत असेल, तर ती कलाकाराच्या मागची नाही, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरची आहे. लाइट आल्यावर पुन्हा ऐका.

लग्नातले डीजेचे मोठे डबे आणायचा मोह होतो. ते नाचायला बनवलेले असतात. त्यांच्यावर सिनेमा लावायचाच असेल तर १०० हर्ट्झच्या खालचा भाग बराच कमी करा आणि २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग थोडा, तीनेक डेसिबल, वर घ्या. व्यंजनांची धार तिथे असते. डबे जमिनीवर ठेवू नका. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर घ्या, तोंड छपराकडे नाही तर माणसांकडे.

आता ब्लूटूथ. साध्या ब्लूटूथ स्पीकरला आवाज पोचायला १५० ते २५० मिलिसेकंद सहज लागतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. हिशेब केला तर आवाज चार ते सहा फ्रेम मागे पडतो. आवाज चित्राच्या मागे सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास पडला की माणसाला खटकू लागतो. पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतो. विजेच्या मागून गडगडाट येतो हे कानाला जन्मापासून ठाऊक आहे, उलटं कधी घडत नाही. फोनवरची काही ॲपं ब्लूटूथची ही दिरंगाई हिशेबात धरून चित्र थांबवतात. टीव्ही किंवा प्रोजेक्टर प्रत्येक वेळी धरत नाही. अंतराचाही थोडा हिस्सा असतो: स्पीकरपासून १७ मीटर मागे बसलेल्याला आवाज ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो.

मग दोष डबिंगचा की यंत्राचा हे ओळखायचं कसं? आदळण्याचा आवाज पाहा. हिरो छतावर उतरतो, दार आपटतं, मूठ लागते. सगळ्या भाषांच्या आवृत्त्यांत हे आवाज सहसा एकच असतात. मूळ निर्माते संवाद वगळून संगीत आणि इतर आवाजांचा वेगळा ट्रॅक देतात आणि प्रत्येक भाषा त्यावर आपला संवाद बसवते. दार आपटल्याचा आवाजही उशिरा येत असेल तर दोष तुमच्या यंत्राचा. दार वेळेवर आणि ओठ मात्र मागे-पुढे असतील तर डबिंगचा. हीच कसोटी पातळीलाही लावा: संवाद हिंदीतही बुडतोय आणि मराठीतही, तर खोली किंवा वायर. फक्त मराठीत बुडतोय, तर त्या आवृत्तीचं मिश्रण, म्हणजे संवाद आणि बाकीचे आवाज एकत्र बसवणं, कच्चं आहे. त्यातही दोष आवाज देणाऱ्याचा नाही.

ओठ कुठे पाहायचे

मूळ ॲनिमेशनमध्ये बहुधा आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि चित्रकार त्या आवाजावर ओठ, भुवया, खांदे रचतात. डबिंगमध्ये सगळं उलटं. ओठ आधीच ठरलेले, त्यांच्यात मराठी बसवायची. म्हणून मूळ आवाज जास्त नैसर्गिक वाटणारच. त्याला दहा गुण आणि डबिंगला सहा असं देण्यात काही हुशारी नाही.

सुपरहिरोच्या सिनेमात एक सवलत असते: मुखवटा. तोंड पूर्ण झाकलेलं असेल तेव्हा लिपसिंकला (ओठ आणि शब्द जुळण्याला) गुण देऊच नका, तिथे कोणतंही वाक्य बसतं. बॅटमॅनसारखा जबडा उघडा असेल तर द्या. खरी परीक्षा मुखवटा काढल्यावरच्या घरगुती दृश्यात असते: आईशी बोलणं, स्वयंपाकघर, जवळून घेतलेला चेहरा. तुकडे निवडताना असा एक तरी घ्या.

ओठ पाहताना प्रत्येक अक्षर तपासत बसू नका. प, फ, ब, भ, म पाहा. यांना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटले आणि कानाला 'आ' ऐकू आला तर ती चूक दिसते. बाकीचं सहसा खपतं. मराठी लेखकाची इथे कशी कसरत होते ते एका शब्दात कळेल. पडद्यावर कोणी ओरडलं, "रन!" मराठीत सरळ "पळ!" पण 'प'ला ओठ मिटावे लागतात आणि चित्रात ते उघडे आहेत. म्हणून "धाव!" घ्यावं लागतं. ऐकणारा म्हणतो, एवढ्या संकटात धाव कोण म्हणतं? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर ओठांत आहे.

काही सिनेमांत ओठ मुद्दाम कमी चित्रांत हलतात. २०१८च्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये माइल्सचं पात्र बऱ्याच ठिकाणी दर दोन फ्रेमला एक चित्र अशा चालीनं हलतं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. जंगलातल्या झोक्यांच्या प्रसंगात सराईत पीटर चोवीसच्या चालीनं गुळगुळीत जातो आणि नवशिका माइल्स अडखळतो. ही चित्रकारांची निवड आहे. अशा ठिकाणी तोंडाचा एक आकार ८३ मिलिसेकंद टिकतो, एका फ्रेमची चूक त्यात विरून जाते, आणि हालचाल अडखळते म्हणून 'डबिंग तुटक आहे' असं लिहिणं साफ चूक ठरतं.

वाक्य खराब की बोलणारा

आवाजाबद्दलची अर्धी नाराजी खरं तर लेखनाबद्दल असते, आणि विदर्भात ती जास्तच असते. डबिंगची मराठी बहुधा प्रमाण असते. कानाला "मले काऊन नाई सांगितलं?" ची सवय, आणि हिरो म्हणतो, "तू मला याविषयी का सांगितलं नाहीस?" वाक्य व्याकरणात चोख, पण जीव मुठीत धरून पळणारं पोट्टं असं बोलत नाही. पुण्यातलंही बोलत नाही.

तपासायची पद्धत अशी. खटकलेलं वाक्य कागदावर जसंच्या तसं उतरवा. सिनेमा बंद करून ते तुम्ही स्वतः मोठ्यानं तीन वेळा म्हणा, तेवढ्याच वेळात, फोनचं घड्याळ लावून. तुमच्याही जिभेला ते जड गेलं तर लेखकाचा दोष. मग तेच वऱ्हाडीत म्हणा. "मला सोड, आधी त्या मुलांना वाचव" ऐवजी "मले सोड, आदी पोट्ट्याइले वाचव." वऱ्हाडीत वाक्य झटक्यात जिवंत झालं, तर कलाकाराला मोकळं सोडा. प्रमाण मराठीतही तुम्हाला ते सहज जमलं, आणि सिनेमात मात्र पाठ केल्यासारखं वाटलं, तर आता दोष कलाकाराकडे किंवा दिग्दर्शकाकडे जातो.

एक सावधगिरी. बोली पात्रासाठी आणली आहे की हसू काढायला, हे पाहा. हिरो प्रमाण बोलतो आणि चोराचा हस्तक तेवढा वऱ्हाडी, तर ते मतात लिहा, आणि तिखट लिहा. बोली नीट वापरली आहे का हेही विदर्भातल्या कानाला लगेच कळतं. नुसतं प्रत्येक वाक्याला 'बे' चिकटवून वऱ्हाडी होत नाही. 'ला'चा 'ले' झाला आणि 'डोळा' तसाच राहिला, 'डोया' झाला नाही, तर लिहिणाऱ्यानं बोली ऐकलेली नाही, वाचलेली आहे. भंडारा-गोंदियाकडची झाडी बोली वेगळी, तिला वऱ्हाडीच्या मापानं मोजू नका.

आणखी एक अडचण वाक्यरचनेची. इंग्रजीत क्रियापद मधे येतं, मराठीत शेवटी. पात्र ज्या क्षणी बोट रोखतं तो क्षण मूळ वाक्यातल्या जोरदार शब्दावर बांधलेला असतो. मराठीत त्याच क्षणी 'आहेस' किंवा 'होतं' आलं की हात एकीकडे आणि जोर दुसरीकडे. चांगला लेखक शब्द हलवतो: "तू त्याला फसवलंस" ऐवजी "त्याला फसवलंस तू!" असे हलवलेले शब्द सापडले की त्यांचं कौतुक लिहा, एरवी कोणाचं लक्ष तिकडे जात नाही.

आता अभिनय

एवढं चाळून झाल्यावर तुकडा तीनदा चालवा. पहिल्यांदा डोळे मिटून. दुसऱ्यांदा आवाज बंद करून नुसतं चित्र. तिसऱ्यांदा दोन्ही. पहिल्या खेपेला पात्राचं वय, थकवा, समोरचा माणूस किती लांब आहे, हे सगळं कानांनी ओळखता आलं पाहिजे. दुसऱ्या खेपेला चेहरा काय म्हणतो ते टिपा. तिसऱ्या खेपेला आवाज आणि चेहरा एकच गोष्ट सांगतात का ते पाहा.

नेमकं काय ऐकायचं?

मुखवटा चढल्यावर आवाज बदलतो का. सुपरहिरोच्या कामात ही सगळ्यात जुनी कसोटी. १९९२च्या बॅटमॅन ॲनिमेशन मालिकेत केव्हिन कॉनरॉय यांनी ब्रूस वेनला एक आवाज दिला आणि बॅटमॅनला दुसरा, खालचा आणि कोरडा. १९९३च्या चित्रपटातही तो भेद ठेवला. माणूस तोच आहे हे कळतं, तरी दोन जीव वाटतात. तुमच्या आवृत्तीत दोन्हीकडे एकच सूर असेल तर लिहा. उलट बदल इतका मोठा असेल की दोन वेगळे कलाकार वाटावेत, तेही लिहा.

अंतर. शेजारी उभ्या माणसाशी बोलताना आणि समोरच्या इमारतीवर ओरडताना आवाजाची ताकद बदलते. वावराच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारणारा माणूस स्वर लांबवतो, शेवटचं अक्षर ताणतो. माइक तोंडापाशी असल्यामुळे कच्चा कलाकार नुसता मोठ्यानं बोलतो, आवाज लांबवर फेकत नाही. हा दोष पटकन ऐकू येतो आणि तो पूर्णपणे कलाकार-दिग्दर्शकाचा.

धाप. मार खाणं, उडी, पोटात बसलेला गुद्दा, दात-ओठ खाऊन उचललेलं ओझं: या बिनशब्दांच्या आवाजांत डबिंग उघडं पडतं. कधी ते मूळ आवृत्तीतलेच राहतात, मग ओरडतो एक आणि बोलतो दुसरा. सांधा ऐका: ओरडण्यातून शब्दात जाताना गळा बदलला का? आणि मारामारीनंतरचं पहिलं वाक्य ऐका. दोन मिनिटं आदळआपट करून पात्र एकही श्वास न चुकता लांबलचक वाक्य बोललं, तर ते खुर्चीत बसून बोललंय.

हसणं. खलनायक हसतो तेव्हा तो 'हा हा हा' वाचतोय का खरंच कशाला तरी हसतोय? बॅटमॅनच्या त्याच मालिकेतल्या जोकरला मार्क हॅमिल यांनी एकच ठरावीक हसू दिलं नाही, प्रसंगाप्रमाणे हसणं बदललं. दोन दृश्यांतली हसणी शेजारी ठेवून ऐका.

दृश्यातली जागा. पात्र बोगद्यात आहे आणि आवाज कोरडा, कपाटात बसून बोलल्यासारखा, तर तो मिश्रण करणाऱ्याचा आळस. इथे परत कलाकाराला सोडा.

नावाजलेला आवाज

नट किंवा खेळाडूचा आवाज घेतला की दोन टोकांची मतं पडतात, आणि दोन्ही बहुतेक न ऐकताच. २००४च्या 'द इन्क्रेडिबल्स'च्या हिंदी आवृत्तीत शाहरुख खान आणि मुलगा आर्यन यांनी सिनेमातल्या बाप-लेकाचा आवाज दिला. २०२३चा दुसरा स्पायडर-व्हर्स भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती. त्यातल्या पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडर-मॅनला हिंदी आणि पंजाबीत क्रिकेटपटू शुभमन गिलनं आवाज दिला, मूळ इंग्रजीत करण सोनीनं. आणि याच्या अगदी उलट उदाहरण: 'द इन्क्रेडिबल्स'मधली पोशाख शिवणारी एड्ना मोड ही बुटकी बाई मूळ इंग्रजीत दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांचाच आवाज आहे. नाव नाही, बाई नाही, तरी पात्र चपखल.

कसोटी अशी ठेवा: तिसऱ्या दृश्यापर्यंत तुम्ही आवाजाच्या मालकाला विसरलात का? विसरलात तर निवड जमली. तोपर्यंत डोळ्यांसमोर मैदानच येत असेल तर नाही जमली, मग उच्चार कितीही शुद्ध असोत.

चार माणसांचं मत घ्यायचं असेल तर

नऊ माणसं पुरतात: आठ ते बारा वयाची तीन पोरं, तीन तरुण, आणि इंग्रजी न येणारे, पडद्याखालची अक्षरं (सबटायटल) न वाचणारे तीन वडीलधारे. घरच्या सबस्क्रिप्शनवर घरच्या खोलीतच बसा; समाजमंदिरात पडदा लावून गावाला दाखवायचं तर हक्कधारकाची परवानगी लागते. मोठा कार्यक्रमच हवा असेल तर 'सिंटेल' हा २०१०चा पंधराएक मिनिटांचा लघुपट श्रेय देऊन मोकळेपणानं दाखवता येतो आणि त्यावर स्वतःचा वऱ्हाडी आवाजही चढवता येतो. त्यात सुपरहिरो नाही, पण मुलगी आहे, ड्रॅगन आहे, लढाई आहे.

पाच तुकडे निवडा, प्रत्येकी ६० ते ९० सेकंद: घरगुती संवाद, मारामारी, खलनायकाचं लांब भाषण, विनोद, आणि एकावर एक बोलणारी गर्दी. वेळा वहीत लिहून ठेवा. रेंज जाते, म्हणून आधी डाउनलोड करा. काही ॲपमध्ये डाउनलोड करताना निवडलेलीच भाषा फोनमध्ये उतरते, तेव्हा मराठी आणि हिंदी दोन्ही आल्या का ते तिथेच तपासा.

दोन आवृत्त्यांचा आवाज सारखा करा. हे विसरलं की सगळी मेहनत वाया, कारण जरा मोठ्यानं वाजणारी आवृत्ती माणसाला हमखास चांगली वाटते. एकाच वाक्यावर ॲपचा आकडा पाहून फरक एक-दोन डेसिबलच्या आत आणा. क्रमही बदला. पहिला, तिसरा, पाचवा तुकडा आधी मराठीत. दुसरा आणि चौथा आधी हिंदीत. जे आधी ऐकलं ते मूळ वाटतं, नंतरचं नक्कल. ज्यांनी सिनेमा आधीच हिंदीत पाहिला आहे त्यांच्या नावापुढे खूण करा.

तुकडा संपल्यावर तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. पहिला जो मोठ्यानं बोलतो त्याच्यामागे बाकीचे जातात, आणि पहिला बोलणारा कोण हे प्रत्येक गावात ठरलेलंच असतं. लिहिता न येणाऱ्यांचं मत एकेकाला बाजूला नेऊन कानात घ्या. पोरांना "आवडलं का?" विचारू नका, सगळी हो म्हणतात. विचारा, "यात खोटं कोण बोलत होतं?" त्यांना आवाजावरून ओळखता आलं तर अभिनय पोचला. आजीला विचारा, "काय झालं सांग." तिनं सांगितलेली गोष्ट सिनेमातल्याशी जुळली तर शब्द पोचले.

गुण एक ते पाच. सरासरी काढू नका. एक रागावलेला आणि एक चाहता मिळून ती कुठेही ओढतात. आकडे चढत्या क्रमानं लिहा आणि नऊपैकी पाचवा घ्या. १, २, २, ३, ३, ३, ४, ५, ५ असेल तर ३. आणि १ व ५ देणाऱ्या दोघा-तिघांना कारण विचारा, तिथेच कामाची माहिती असते.

लिहिताना

"आवाज फालतू" हे मत नाही. मिनिट लिहा, काय ऐकू आलं ते लिहा, दोष कोणाकडे जातो ते लिहा. उदाहरणार्थ: 'पुलावरच्या मारामारीनंतर हिरो न धापता बोलतो, वाक्य सोपं होतं, ओठ मुखवट्यात होते, वेळ पुरेसा होता, म्हणून ही अभिनयाची चूक.' किंवा: 'आईच्या दृश्यात वाक्य पुस्तकी आहे, पण कलाकारानं "बरं" या एका शब्दात सगळं सांभाळून घेतलं.' एका लेखात असे चार-पाच नेमके मुद्दे पुरेत.

कशावर ऐकलं तेही एका ओळीत द्या: फोन, टीव्ही, वायर की ब्लूटूथ, कोणत्या ॲपवर की वाहिनीवर. एकाच सिनेमाच्या टीव्हीवरच्या आणि ॲपवरच्या डबिंगमध्ये कधीकधी कलाकारच वेगळे असतात. शिवाय जुन्या डीव्हीडीवर आणि टीव्हीवर २४ फ्रेमचा सिनेमा २५च्या गतीनं चालवला जायचा. चार टक्के वेग वाढतो आणि आवाज साधारण पाऊण अर्धस्वर चढतो. लहानपणी टीव्हीवर ऐकलेला हिरो आता ॲपवर जाड आवाजाचा वाटत असेल तर कारण तिथेही असू शकतं.

कलाकाराचं नाव अंदाजानं टाकू नका. डबिंगची नावं सगळ्यात शेवटी, लांबलचक इंग्रजी यादी संपल्यावर येतात, आणि त्याआधीच ॲप पुढचा सिनेमा सुरू करू पाहतं. तेव्हा 'श्रेय पाहा' दाबून शेवटपर्यंत थांबा. मराठी संवाद कोणी लिहिले आणि डबिंगचं दिग्दर्शन कोणी केलं ही दोन नावं दिसली तर तीही उतरवा.